सुगंधी मेणबत्ती घरी कशी करावी: मेण, वात आणि तेलाचे गणित

सुगंधी मेणबत्ती घरी करू लागलेल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. बाटलीतले तेल दरवळते, थिजलेल्या मेणबत्तीलाही छान वास येतो, पण ती पेटवली की खोलीत काहीच जाणवत नाही. त्यावर बहुतेक जण पुढच्या खेपेला तेल वाढवतात आणि मेणबत्ती आणखी बिघडते. ती धूर सोडू लागते, तिच्या पृष्ठभागावर तेलाचे थेंब जमतात किंवा ज्योत मिणमिणत राहते. दोष बहुधा तेलाच्या प्रमाणात नसतो, तो वातीच्या निवडीत असतो. हे नीट लक्षात आले की बाकीची कृती सोपी आहे, म्हणून आधी मेणबत्ती जळते कशी ते पाहू.

ज्योतीच्या उष्णतेने भोवतीचे मेण वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, ज्योतीच्या मुळाशी त्याची वाफ होते आणि प्रत्यक्षात जळते ती ही वाफ. वात स्वतः फार थोडी जळते. याचा पुरावा कुणालाही पाहता येतो: मेणबत्ती नुकतीच विझवल्यावर वातीतून जी पांढुरकी रेघ वर निघते, तिला काडी दाखवली तर आग त्या रेघेवरून खाली धावत जाऊन वात पुन्हा पेटवते, कारण ती रेघ मेणाच्या वाफेचीच असते. आता सुगंधी तेलाचा जो भाग मेणाबरोबर वातीतून वर जातो, तो बहुतांशी ज्योतीत जळून जातो. खोलीत पसरणारा सुगंध मुख्यतः वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून उडालेल्या तेलाचा असतो. तळे जितके रुंद, तितका तेल उडण्यासाठी मोकळा पृष्ठभाग जास्त. आणि तळे किती रुंद होणार हे वातीची जाडी, बरणीचा व्यास व मेणाचा प्रकार हे तिघे मिळून ठरवतात.

मेणाची निवड

बाजारात मेणाचे अनेक प्रकार मिळतात, पण आधी एक भेद ध्यानात घ्यावा. बरणीत ओतण्याचे मेण मऊ असते आणि काचेला धरून राहते. साच्यातून काढून मोकळ्या उभ्या ठेवायच्या मेणबत्तीचे मेण कडक असते आणि थिजताना आकसून साच्यापासून सुटते. एकाच्या जागी दुसरे वापरले तर मेणबत्ती एक तर पसरते, नाही तर काचेपासून सुटते. सुगंधी मेणबत्तीसाठी बरणीचाच प्रकार सोयीचा, कारण वितळलेले तळे बरणीत सुरक्षित राहते आणि ते काठापर्यंत पसरू देता येते.

पॅराफिन हे खनिज तेलापासून मिळणारे मेण असून १८५० मध्ये जेम्स यंग याने ते काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतल्यानंतर ते मेणबत्त्यांसाठी सर्रास वापरात आले. ते सुगंध चांगला सोडते, पण थिजताना बरेच आकसते, त्यामुळे वातीभोवती खड्डा पडतो. सोयामेण हे सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले मेण आहे आणि त्याचा वापर १९९० च्या दशकापासून वाढला. ते साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आकसते कमी, सांडले तर गरम पाणी व साबणाने निघते आणि नवशिक्याच्या बारीकसारीक चुका पोटात घालते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्याला स्वतःचा मधासारखा गंध असतो आणि तो नाजूक सुगंधांना झाकून टाकतो. ते सुंदर आहे, परंतु वेगळा सुगंध हवा असेल तर ते न घेतलेलेच बरे. पहिल्या मेणबत्तीसाठी बरणीत ओतायचे सोयामेण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोयामेण काजळी धरत नाही असा दावा वेष्टनांवर वारंवार दिसतो. तो शब्दशः घेऊ नये. वात गरजेपेक्षा जाड असेल, लांब राहिली असेल किंवा ज्योतीवर वारा येत असेल, तर कोणतेही मेण काजळी धरते.

बरणी

बरणी जाड आणि उष्णता सोसणाऱ्या काचेची, सरळ उभ्या भिंतीची व तळाशी सपाट असावी. पत्र्याचा मेणबत्तीचा डबाही चालतो. आतला व्यास सात ते आठ सेंटिमीटर असला की एका वातीत काम भागते. दहा सेंटिमीटरच्या पुढे दोन वाती लागतात आणि हिशेब अवघड होतो. तोंडाशी निमुळती होणारी बरणी टाळावी, कारण तिच्या वरच्या भागात उष्णता कोंडते. दांडीचा नाजूक पेला, बारीकसा तडा गेलेला ग्लास, लाकडी वाटी किंवा प्लॅस्टिक यांपैकी काहीही वापरू नये. मुलामा नसलेल्या मातीच्या भांड्यात मेण झिरपते, तेव्हा तेही नको.

वात

वात हा या कामाचा गाभा आहे आणि दुर्दैवाने सर्वांत कमी विचार तिचाच होतो. पूर्वी मेणबत्तीची वात साध्या पिळाच्या सुताची असे. ती ज्योतीत सरळ उभी राहून कोळशासारखी साचत जाई आणि घरात कुणाला तरी ती सतत कातरावी लागे. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस याने विणलेली वात आणली. विणीच्या ताणामुळे ती जळताना किंचित वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते, तिथे भरपूर हवा मिळून जळून जाते आणि वात आपोआप आखूड होत राहते. या वातींवर क्षारांची प्रक्रियाही केलेली असते. घरातला सुती दोरा वळून केलेल्या वातीत हे गुण येत नाहीत, म्हणून मेणबत्तीसाठी बनवलेली, खाली धातूची चकती बसवलेली आणि मेणात बुडवून कडक केलेली तयार वातच विकत घ्यावी. शिशाचा गाभा असलेल्या वातींवर अमेरिकेत २००३ मध्ये बंदी आली, कारण त्या जळताना हवेत शिसे सोडतात. कशाची बनली आहे ते वेष्टनावर लिहिलेले नसेल अशी वात घेऊ नये. पूर्ण सुती किंवा कागदी गाभ्याची वात घरच्या कामाला पुरेशी आहे. लाकडी पट्टीची वात तडतडते, ते ऐकायला छान वाटते, पण ती नीट जळती ठेवणे कठीण असते. तिच्याकडे नंतर वळावे.

वातीचा क्रमांक प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो. विक्रेता व्यास आणि मेण पाहून कोणती वात घ्यावी याचा तक्ता देतो. त्या तक्त्यावर सगळी भिस्त ठेवू नये, कारण सुगंधी तेल आणि रंग यांनी मेण जड होते आणि तक्त्यातली वात कधी तोकडी पडते. तक्त्यात सांगितलेला आकार, त्याहून एक लहान आणि एक मोठा अशा तीन वाती घ्याव्यात आणि एकाच मेणाच्या तीन सारख्या बरण्या करून जाळून पाहाव्यात. खर्च थोडा वाढतो, पण पुढे त्या बरणीपुरता प्रश्न कायमचा सुटतो.

सुगंध

मेणबत्तीसाठीच बनवलेले सुगंधी तेल घ्यावे. अंगाला लावायच्या सुगंधी फवाऱ्यात मद्यार्क असतो, खाद्यपदार्थांचे अर्क पुष्कळदा पाण्यात किंवा मद्यार्कात केलेले असतात. यांपैकी काहीही मेणात मिसळत नाही आणि मद्यार्क तर पेट घेतो. चांगला विक्रेता तेलाबरोबर त्याचा ज्वलनांक आणि मेणबत्तीत वापरण्याची कमाल टक्केवारी कळवतो. ज्वलनांक म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ जवळच्या ठिणगीने पेटू शकते ते तापमान. त्या तापमानाला सुगंध उडून जातो असा गैरसमज सर्वत्र आहे. तो आकडा आगीपासून सावध राहण्यासाठी असतो.

वनस्पतींपासून काढलेली बाष्पनशील तेले वापरता येतात, मात्र लिंबू-संत्र्यासारखे हलके गंध लवकर उडून जातात आणि पेटलेल्या मेणबत्तीत क्षीण वाटतात. लव्हेंडर, गवती चहा, देवदार, पाचोळी हे गंध त्यामानाने टिकतात. तेल नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी असेलच असे नाही. टी ट्रीसारखी काही तेले मांजरांना विषारी ठरतात, तेव्हा घरात प्राणी असतील तर आधी चौकशी करावी. व्हॅनिलाच्या सुगंधात व्हॅनिलिन असते आणि त्याने पांढरे मेण हळूहळू तपकिरी होते. तो बिघाड नव्हे, परंतु भेट देण्यासाठी शुभ्र मेणबत्ती हवी असेल तर हा सुगंध टाळावा.

रंग घालायचा असेल तर मेणात विरघळणारा, मेणबत्तीचाच रंग घ्यावा. मेणाचे खडू वितळवून रंग आणण्याची युक्ती बरीच सांगितली जाते. त्यांतले रंगकण विरघळत नाहीत, वातीच्या धाग्यांत अडकतात आणि वात चोंदते. चमकीच्या पुडीचेही तेच. वर वाळलेल्या पाकळ्या किंवा दालचिनीचे तुकडे रचलेल्या मेणबत्त्या चित्रात देखण्या दिसतात, पण ज्योत त्यांच्यापर्यंत पोहोचली की तेही पेटतात. मी तरी त्या करायला सांगणार नाही.

वजनाचा हिशेब

सगळे मोजमाप वजनाने करावे, कारण निरनिराळ्या तेलांची घनता वेगळी असते आणि मिलिलिटरचा अंदाज चुकतो. एका ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. तेलाची टक्केवारी मेणाच्या वजनावर काढतात. सुरुवात ६ टक्क्यांनी करावी, ८ टक्के बहुतेक सुगंधांना पुरेसे असते आणि १० टक्क्यांच्या वर जाण्याचे कारण क्वचितच असते. मेण ठरावीक तेवढेच तेल धरून ठेवते. उरलेले तेल वर पाझरते, वात चोंदवते किंवा स्वतःच पेट घेते.

बरणीत किती मेण मावेल हे पाण्याने काढावे. जिथपर्यंत मेण भरायचे तिथपर्यंत पाणी ओतून त्याचे वजन करावे आणि त्याला ०.९ ने गुणावे, कारण मेण पाण्याहून हलके असते. समजा पाणी २०० ग्रॅम भरले, तर एकूण मिश्रण १८० ग्रॅम लागेल. ८ टक्के तेल घालायचे तर १८० ला १.०८ ने भागावे. मेण साधारण १६७ ग्रॅम आणि तेल १३ ग्रॅम येते. भांड्याला चिकटून राहणाऱ्या मेणासाठी थोडे जास्त घ्यावे आणि त्या प्रमाणात तेलही वाढवावे. नंतर बरणी पूर्ण कोरडी करावी. पाण्याचा थेंब राहिला तर जळताना ज्योत तडतडते आणि विझू शकते.

वितळवण्यापूर्वीची खबरदारी

मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करावे आणि त्यात मेणाचे भांडे ठेवावे, म्हणजे मेणाचे तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही. पाणी उकळू लागले की ते बुडबुड्यांनी कळते; मेण तसा काही इशारा देत नाही, ते शांतपणे तापत जाते, मग धूर सोडते आणि त्यानंतर पेटते. म्हणून तापमापक सतत भांड्यात असावा आणि आच चालू असताना तिथून हलू नये. पातेल्यातले पाणी आटू देऊ नये. मेण पेटलेच तर पाणी मुळीच टाकू नये, कारण ते क्षणात वाफ होऊन जळते मेण सगळीकडे उडवते. आच बंद करून भांड्यावर झाकण घालावे, खाण्याचा सोडा टाकावा किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

प्रत्यक्ष कृती

प्रथम बरणी पुसून वातीची चकती तळाच्या बरोबर मध्यभागी चिकटवावी. त्यासाठी मिळणारी दुहेरी चिकटपट्टीची गोल चकती किंवा उष्णतेने न सुटणारा डिंक वापरावा. वात मधोमध राहण्याला फार महत्त्व आहे, कारण ती एका बाजूला झुकली तर त्या बाजूची काच तापून तडकू शकते आणि दुसऱ्या बाजूचे मेण तसेच राहते. बरणीच्या तोंडावर दोन काड्या आडव्या ठेवून त्यांच्यात वात धरून ठेवली की काम होते. खोली थंड असेल तर बरणी थोडी कोमट करून घ्यावी.

मेण पूर्ण वितळून ८० ते ८५ अंशांवर आले की भांडे आचेवरून उतरवावे, तेल घालावे आणि दोन मिनिटे सावकाश ढवळावे. या तापमानाला तेल मेणात नीट मिसळते. मेण थंड असताना घातले तर ते तळाशी बसते आणि मेणबत्तीच्या शेवटच्या थरात अचानक उग्र वास येतो. जोराने ढवळू नये, बुडबुडे अडकतात. रंग घालायचा असल्यास तो तेलाच्या आधी विरघळवून घ्यावा.

मग मेण ६० अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबावे. फार गरम ओतलेले सोयामेण काचेपासून जागोजागी सुटते आणि वर खडबडीत थिजते. फार थंड ओतले तर थरांच्या रेषा दिसतात. विक्रेत्याने आपल्या मेणासाठी वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळावेत. ओतताना धार बारीक आणि सलग ठेवावी, वर एक सेंटिमीटर जागा सोडावी. नंतर बरणी हलवू नये, फ्रिजमध्ये ठेवू नये, पंख्याखालीही नको. दुसऱ्या दिवशी वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापावी.

आता धीर धरावा लागतो. पॅराफिनची मेणबत्ती दोन-तीन दिवसांत वापरता येते, सोयामेणाची मात्र झाकण लावून एक ते दोन आठवडे तशीच ठेवावी, कारण त्याची स्फटिकरचना थिजल्यानंतरही काही दिवस बदलत राहते. दुसऱ्याच दिवशी पेटवून सुगंध येत नाही असे म्हणणे हा त्या मेणावर अन्याय आहे.

पहिली जाळणी आणि वातीची परीक्षा

पहिल्या वेळी वितळलेले मेण काठापर्यंत पोहोचेपर्यंत मेणबत्ती विझवू नये, कारण आधी विझवली तर पुढच्या वेळीही मेण तेवढ्याच घेरात वितळत जाते आणि मध्ये विहीर पडते. सात-आठ सेंटिमीटरच्या बरणीला यासाठी साधारण तीन तास लागतात. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नये. विझवून पूर्ण थंड करावी, वात पुन्हा कापावी आणि मग पेटवावी. परीक्षेसाठी असेच शेवटपर्यंत करून प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी, कारण वर चांगली वागणारी वात खाली, भिंतींत उष्णता कोंडल्यावर, फार मोठी ठरू शकते.

चार तासांनीही काठाला मेण शिल्लक असेल किंवा ज्योत बुडू लागली तर वात लहान आहे. तासाभरातच तळे काठाला लागले, ज्योत उंच होऊन नाचू लागली, वातीच्या टोकावर काळा गोळा जमला, काचेवर काजळी आली किंवा बरणी हात लावता येणार नाही इतकी तापली तर वात मोठी आहे. तळे सुमारे एक सेंटिमीटर खोल आणि काठापर्यंत पसरलेले, ज्योत स्थिर, ही योग्य वातीची खूण. सुगंध कमी वाटला तर आधी वातीचा आकार, मग थिजवून ठेवलेले दिवस, मग तेल घालतानाचे तापमान तपासावे आणि त्यानंतरच तेलाची टक्केवारी वाढवावी. जो सुगंध तुम्हाला जाणवत नाही, तो बाहेरून आलेल्या माणसाला जाणवतो का हेही विचारावे. नाकाला सरावाने गंध कळेनासा होतो.

जाळताना पडदे, कागद, वारा आणि मुले यांपासून मेणबत्ती दूर असावी, दोन मेणबत्त्यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर असावे आणि तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले की तिचे काम संपले असे समजावे. त्याखाली जाळल्यास ज्योतीची उष्णता थेट काचेच्या तळाला लागते.

काही नेहमीचे दोष

सोयामेणावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते, ती स्फटिकांची असते आणि जळण्यावर तिचा काही परिणाम होत नाही. पॅराफिनमध्ये वातीजवळ खड्डा पडला तर मेण अर्धवट थिजले असताना काडीने आजूबाजूला भोके पाडून राखून ठेवलेले गरम मेण वरून ओतावे. पृष्ठभाग ओबडधोबड झाला तर केस वाळवण्याच्या यंत्राने हलकी गरम हवा द्यावी. विहीर पडलेल्या मेणबत्तीच्या तोंडावर अल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे कडे करून मध्ये भोक ठेवावे आणि लक्ष ठेवून तासभर जाळावी. काठाचे मेण वितळून पातळी सारखी होते. वर तेलाचे थेंब दिसले तर ते टिपून घ्यावेत आणि पुढच्या खेपेला तेल कमी करावे.

काम झाल्यावर भांडी गरम असतानाच कागदाने पुसावीत. मेण मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नये, ते नळीत थिजून पाणी तुंबवते. रिकामी बरणी पुन्हा वापरायची असेल तर ती काही तास फ्रीजरमध्ये ठेवावी. आकसलेले मेण चाकूच्या बोथट टोकाने सहज सुटते. मग बरणी सामान्य तापमानाला आली की गरम पाणी व साबणाने धुवावी, उजेडात धरून तडा नाही ना ते पाहावे आणि जुनी चकती काढून नवी वात बसवावी. सुटलेले मेण त्याच सुगंधाच्या पुढच्या घाण्यात घालता येते, परंतु त्यात आधीचे तेल असल्याने त्या वजनावर नवे तेल मोजू नये.